मास्तरांचं उत्तर

"चर्चच्या जुन्या गोठ्यात सहा खाटा टाकल्यात. म्हाताऱ्यांना वाचून दाखवायला याल का, मास्तर?" सिस्टर उजागरेंच्या या पत्राला मी चाळीस वर्षं उत्तर दिलं नाही. वर्गाबाहेर चारचौघांत माझा आवाज फुटत नसे.

त्या गोठ्याचा आता ऐंशी खाटांचा वृद्धाश्रम झालाय. त्यातली एक माझी, एक सिस्टरांची. त्यांना दिसत नाही, माणसंही ओळखू येत नाहीत. त्यांना आलेली पत्रं मीच वाचून दाखवतो.

"आजोबा, मास्तरांचं उत्तर आलं?" त्या रोज विचारतात.

काल धीर करून म्हणालो, "सिस्टर, तो मास्तर मीच."

"चेष्टा पुरे! ते तरुण आहेत. भिडस्त आहेत, पण कळवतील."

आज पोस्टकार्डावर 'येतो' एवढंच लिहिलं, सिस्टरांचं नाव घातलं आणि फाटकाजवळच्या पेटीत टाकलं.