'आई' नावाचा फोल्डर

काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करून फायली हलवायला शिकल्यापासून धाकट्याला माउस वापरणारी माणसं अडाणी वाटू लागली. शिकून चारच दिवस झाले होते. गेलेल्या आईचे बावीस व्हॉइस मेसेज त्याने एकेक करून 'आई' नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. फोल्डर बनवायचाच राहिला होता. कंप्युटरला वाटलं, पोराला प्रत्येक मेसेजचं नाव 'आई' ठेवायचंय. बिचाऱ्याने ठेवलं, आणि दरवेळी आधीची 'आई' न विचारता पुसली. "लाव की आईला," बाबा खुर्ची ओढत म्हणाले. "बाबा, एकच उरलाय. बाकीचे माझ्या हातून गेले." त्याने तो लावला. आई म्हणाली, "प्लंबरदादा, नळ गळतोय, लवकर या. अगंबाई, हे तुलाच जातंय वाटतं!" स्वयंपाकघरातला तो नळ अजूनही टपटपत होता. "पुन्हा लाव," बाबा म्हणाले. "आणि त्या नळाला कुणी हात लावायचा नाही."