दाराच्या आतलं

लेकीने पिकअपच्या दारातल्या, काच वरखाली करायच्या हँडलच्या मागून फडक्याची चिंधी घातली, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी ओढली, तशी आतली क्लिप टुणकन उडाली आणि थेट बापाच्या चपलेपाशी पडली.

"बघ, मला ओळखते," बाप म्हणाला. "लोखंडाला माणसं बरोबर कळतात."

पिकअप जुनी होती. किती जुनी, ते बाप ऐकणाऱ्याचं तोंड बघून ठरवायचा. रोपवाटिकेतली रोपं घरोघरी पोचवता पोचवता तिचा मूळ रंग कुठला होता, यावरही घरात दोन पक्ष पडले होते. लेक गाड्यांचं वायरिंग करायची. आज तिला आईने बोलावलं होतं, कारण आईला दोन्ही दारांत स्पीकर हवे होते. शेजारी बसून नवऱ्याच्या थापा ऐकून तिचे कान किटले होते.

लेकीने कडेने पेचकस सरकवला. कट, कट, कट करत पॅनेल सुटलं. मागचा प्लॅस्टिकचा कागद तिने सोलून काढला आणि आत डोकावली. काच दाराच्या पोटात तळापर्यंत उतरलेली. काचेच्या कडेपासून पत्र्यापर्यंत कोळ्याने असं ऐसपैस जाळं विणलेलं, की त्याच्या नातवंडांचीही सोय व्हावी.

"बाबा, ही काच शेवटची कधी वर केलीत?"

"काल."

"काल?"

"काल किंवा परवा. अगं, मी काच खालीच ठेवतो. एकदा उतारावर हिचा ब्रेक गेला. मी काय केलं? दोन्ही दारं उघडली सताड. वारा भरला, शिडासारखा, आणि गाडी जागच्या जागी उभी! तेव्हापासून वाऱ्याशी आपली मैत्री. त्याला आत यायला वाट ठेवावी लागते."

"दोन्ही दारं उघडलीत. मग स्टीअरिंग कोणी धरलं?"

"तुझ्या आईने. झोपेत."

लेक हसली नाही. तिने दाराच्या मोकळ्या दांड्यावर हँडल परत चढवलं. "जरा काच वर घ्या. स्पीकरला मागे जागा उरते का, मी हात घालून बघते."

बाप उघड्या दाराशी आला. खाकरला. मग डाव्या हाताने हँडल फिरवू लागला. उजवा हात अंगाला चिकटून होता, दुसऱ्या कोणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. काच कुरकुरत चढली. जाळं ताणलं आणि तुटलं.

लेकीचा हात दारातच राहिला. जन्मभर उजव्या हाताने जेवलेला, उजव्या हाताने पाने-पेचकस फिरवलेला माणूस. बाहेर उभं राहून डावा हात चालतो. पण सीटवर बसलं की हँडल उजवीकडे, आणि खांदा वर उचलून गोल फिरवल्याशिवाय ते हलत नाही. म्हणून भर थंडीत काच खाली. म्हणून पावसात एकच बाही भिजलेली. "थेंबसुद्धा माझ्याच बाजूला पडतात, काय करू," असं तो सगळ्यांना हसत सांगायचा. आईने केव्हाच बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी यांचा एखादा अवयव संपावर जाईल, त्या दिवशी गाडीची किल्ली जावयाच्या खिशात." त्यावर सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

"उरते जागा?" त्याने विचारलं.

"उरते."

ती आपल्या गाडीकडे गेली आणि स्पीकरबरोबर आणखी एक खोकं घेऊन आली.

"हे काय?"

"काचेची मोटर. एका भंगारातल्या गाडीची निघाली. पडून होती, म्हटलं बसवून टाकू. दार उघडलंच आहे."

बापाने खोक्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात क्वचितच झालं असेल असं झालं. त्याला गोष्ट सुचली नाही.

मोटर दारात बसवून तिने ताठ तार बिजागरीजवळच्या रबरी नळीतून आत सारली, तिच्या शेपटाला वायर बांधली आणि हळूहळू ओढून घेतली. दार पूर्ण उघडलं तरी ताण पडू नये म्हणून तिथे हातभर ढील सोडली. मग तीच वायर डॅशबोर्डखालून मध्यापर्यंत नेली. बटण तिने गिअरच्या दांड्याशेजारी बसवलं. डाव्या हाताशी.

बाप सीटवर चढून बसला. डावा अंगठा बटणावर ठेवला. काच सरसर वर आली, बाहेरचा गोंगाट एकदम थांबला. त्याने ती खाली घेतली. पुन्हा वर. पुन्हा खाली.

पाण्याचा तांब्या घेऊन आई आली आणि खिडकीतून आत वाकली. "हे बटण इथे कशाला? दारात नको का?"

"वायर पुरली नाही, आई," लेक म्हणाली. तिच्या खांद्यावर वायरीचं अर्धं भेंडोळं तसंच लटकत होतं.

बापाने ते पाहिलं आणि बसल्या जागेवरून तिच्या मदतीला धावला. "पुरेल कशी? अगं, दाराच्या आत तू समजतेस तेवढंच दार नसतं. आत वळणं आहेत, बोगदे आहेत. गेल्या वेळचा मेकॅनिक हात घालून बसला, तर त्याचा हात थेट मागच्या..."

आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिने भेंडोळ्याकडे पाहिलं. मग मांडीवर निजलेल्या त्या उजव्या हाताकडे. तांब्या तिने खिडकीतून हात लांब करून, त्या हाताला ओलांडून, त्याच्या डाव्या हातात दिला.

"उद्या गुलाबाची रोपं पोचवायचीत. सकाळी गारठा असतो, काच वर घेऊन चालवा," ती म्हणाली. मग पदराने हात पुसत लेकीकडे वळली. "माझ्या बाजूचं बटण मात्र दारातच बसव हो. माझे दोन्ही हात चालतात."