लाल रेषेच्या अलीकडे

"झाकणाला हात लावू नका, ताई!"

काशिनाथांचा आवाज पत्र्याच्या शेडभर घुमला. बॉनेटखालून वाफ उसळत होती आणि गाडीची मालकीण शालिनी हाताला रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाली होती.

"आत उकळतं पाणी दाबाखाली आहे. चेहरा भाजेल. इंजिन बंद करा. अर्धा तास कुणी कशाला शिवायचं नाही."

"मग तुम्हीच बघा ना, काका. मला काय कळतंय यातलं?" शालिनी म्हणाली.

काशिनाथांनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून दाखवला आणि सोडून दिला. गेल्या हिवाळ्यात ते स्कूटरवरून पडले, खांद्यातली नस तुटली. तेव्हापासून तो हात एखाद्या झोपलेल्या परक्या माणसासारखा त्यांच्या सोबत राहत होता. गोविंदपुऱ्यातलं हे गॅरेज त्यांनी एकोणतीस वर्षं चालवलं. उद्या ते दुसऱ्याच्या ताब्यात जाणार होतं. कोपऱ्यात त्यांची पत्नी मीना पाने-पकडी पोत्यात भरत होती.

"हाताशिवाय मिस्त्री कसला?" ते म्हणाले. "पुढच्या चौकात दुसरं गॅरेज आहे."

"हात माझे घ्या. तुम्ही नुसतं सांगा."

"सांगायला त्यांना आवडतंच," मीना म्हणाली. "लग्नाला एकतीस वर्षं झाली, अजून मला वरणाची फोडणी शिकवतात."

काशिनाथ कित्येक दिवसांनी हसले. स्टूल ओढून बसले.

"इंजिन का तापतं, ते आधी समजून घ्या. पाणी कमी पडतं, किंवा ते फिरत नाही, किंवा त्याला वारा मिळत नाही. बहुतेक वेळा या तिघांतलंच एक."

इंजिन निवल्यावर शालिनीने कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली पाहिली. पातळी खुणेच्या बरीच खाली होती.

"भरू?"

"भरा, पण आधी ते गेलं कुठे, ते शोधा. नुसतं भरणं म्हणजे रडणाऱ्याचे डोळे पुसणं. तो का रडतोय, हेही विचारायला हवं."

खालच्या पाइपाच्या तोंडाशी ओल सापडली. क्लिप सैल होती. शालिनीने स्क्रू उलटा फिरवला. काशिनाथांचा डावा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. मग त्यांनी बोटाने हवेत एक सावकाश वर्तुळ काढलं. तिने ते पाहिलं, आणि स्क्रू आवळला.

कूलंट भरून गाडी सुरू केली, तर पंखा फिरेना. फ्यूज जळालेला निघाला. तो बदलला, पंखा घुमू लागला. तरीही तापमानाचा काटा लाल रेषेकडे चढतच राहिला.

"आता?" शालिनीने विचारलं.

"तुम्हीच सांगा. पाणी आहे. वारा आहे. काय उरलं?"

तिने बोटांवर मोजलं. "फिरणं."

"शाब्बास!" काशिनाथ उभेच राहिले. "रेडिएटरकडे जाणारा वरचा पाइप बघा. जपून, बोटं पंख्यापासून लांब."

"गार आहे."

"इंजिन तापलेलं आणि पाइप गार. म्हणजे थर्मोस्टॅट मिटलेलाच राहिलाय. पाणी तापलं की उघडणारी एवढीशी झडप; तिने दारच उघडलं नाही."

इंजिन पुन्हा निवू दिलं. दुपारी तीनपर्यंत नवी झडप बसली. गाडी वीस मिनिटं सुरू ठेवली. काटा मध्यावर येऊन स्थिरावला. काशिनाथ त्याच्याकडे पाहत राहिले. काम सुरू झाल्यापासून आपला उजवा हात आपल्याला एकदाही आठवला नाही, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं.

"एकाच गाडीत तीन बिघाड!" ते म्हणाले. "एकोणतीस वर्षांत असं पाहिलं नाही. कुणी केलं असेल हो हे?"

"मी." शालिनीने हात पुसले. "काल, पिपलानीत. तिथे मुलींना मोटारदुरुस्ती शिकवणारी संस्था चालवते मी. शिक्षक हवाय. चांगल्या हातांचे नऊ मिस्त्री पाहिले, काका. प्रत्येकाने माझ्या हातातून पाना हिसकावून घेतला. सोमवारी साडेदहाला या."