जुने पार्ट

“बघा हां शालूताई,” असं म्हणत मोनालीने लॅपटॉपचं बटण दाबलं आणि कमरेवर हात ठेवून बाजूला झाली.

नणंदेने पदर सावरून मान पुढे केली. तिचा मुलगा मेहुल खुर्चीत मोबाइल चाळत बसला होता, त्याने नुसती नजर वर केली. पडद्यावरचं गोल चाक जेमतेम फिरलं आणि लॅपटॉप उघडून हजर.

“अगो, लगेच?” शालूताई म्हणाल्या.

मोनालीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॉलेजात असताना बाबांनी घेऊन दिलेला तो लॅपटॉप. गणपतीपर्यंत त्याची अशी गत होती, की चालू करून भात लावावा तर कुकरच्या शिट्ट्या आधी व्हायच्या. मेहुल त्याला डबडं म्हणायचा. नवरा विक्रम तर तो भंगारात काढायला निघाला होता. पण बाईने हट्ट सोडला नाही. निम्म्या सालवड गावाच्या दिवाळीच्या चकल्या तळल्या आणि ते पैसे बोईसर स्टेशनजवळच्या दुकानात नेऊन ओतले. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम वाढवली, तीही सेकंडहँड. बॅटरीपुरते पैसे उरले नाहीत, तेव्हा चार्जर लावूनच चालवायचा असं ठरलं. काढलेले जुने पार्ट मात्र तिने मागून घेऊन लॅपटॉपच्या बॅगेत ठेवले. आपलं आहे ते कशाला सोडा?

“मेलेल्या म्हशीला खुराक घालतेस,” तेव्हा विक्रम म्हणाला होता.

आज भाऊबीज झाली की सोमवारी तिला हाच लॅपटॉप घेऊन पालघरला जायचं होतं. तिथल्या एका अकाउंटंटने सांगितलं होतं, मशीन नीट चालत असेल तर सॉफ्टवेअर टाकून देतो, घरी बसून बिलांच्या एन्ट्र्या करा. मशीन नसेल तर यायची तसदी घेऊ नका. लग्न झाल्यापासून कुणीतरी तिला पहिल्यांदाच काम देऊ करत होतं. या आनंदात ती सकाळपासून येईल त्याला लॅपटॉप चालू करून दाखवत होती. तिथेच ती चुकली.

विक्रम पाटावर बसला. शालूताईंनी त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी ओवाळली, निरांजन ओवाळलं. तबक पुढे धरून त्या हसत थांबल्या. विक्रमचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. कंपनीने यंदा त्याच्यासारख्या ठेकेदाराच्या माणसांना बोनस दिला नव्हता. आणि हा गडी फोनवर बहिणीला सांगून बसला होता, या वर्षी मोठं काहीतरी घालतो.

शालूताई तबक धरून उभ्याच.

विक्रम उठला. टेबलापाशी गेला, चालू लॅपटॉपची वायर ओढली. पडदा काळा झाला. लॅपटॉप मिटून त्याने तबकात ठेवायला पाहिला, तो मावेना, म्हणून तबक खाली ठेवायला लावून बहिणीच्या हातातच दिला.

“घे ताई. मेहुलच्या डिप्लोमाला होईल.”

मोनालीला वाटलं, हा चेष्टा करतोय. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

“अहो, सोमवारी मला पालघरला...”

“ओवाळणी परत घेतात काय कुठं?” तो तिच्याकडे न बघताच म्हणाला. “सणाचं तोंड वाकडं करू नको.”

“तुझा जीव असंल त्यात तर ऱ्हाऊ दे हां मोनाली,” शालूताई म्हणाल्या. असं म्हणता म्हणता त्यांनी लॅपटॉप मेहुलकडे दिलासुद्धा. “पण भावानं दिलेलं नाय कसं म्हणू? आजवर साडीच्या पुढं कधी काय दिलं नाय यानं.”

मेहुलने मोबाइल खिशात घातला होता. वायर लावून तो लॅपटॉप उघडून बसला. “मामी, पासवर्ड काय हाय?”

मोनालीने सांगितला. तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला.

“तुमचं काय काय पडलंय यात. उडवू ना?” तिने हो म्हणायच्या आत त्याने उडवलंही. “आणि बॅटरी?”

“बॅटरी तेवढी राहिलीये,” ती म्हणाली.

“ती टाकंल तुझी मामी पुढच्या दिवाळीत,” विक्रम म्हणाला. आता तो मोकळा झाला होता, पाटावर बसून करंजी खात होता. “चकल्या झ्याक तळते.”

शालूताई खळखळून हसल्या. मोनालीने आतून चहा आणला. शालूताईंना द्यायचा फराळाचा डबा कालच भरून ठेवला होता, तोही आणून ठेवला. मेहुल लॅपटॉप मोनालीच्या त्या बॅगेत भरत होता. बॅगेच्या कप्प्यात त्याला प्लॅस्टिकची पुडी लागली. आत जुनी हार्ड डिस्क आणि रॅमची पट्टी होती.

“हे काय मामा? भंगार दिसतंय. हे नको आमाला.”

विक्रमने पुडी हातात घेऊन उलटसुलट केली. त्याला काहीतरी आठवलं. काल पाडव्याला मोनालीने त्याला ओवाळलं होतं, तेव्हाही हाच हात खिशापाशी अडकला होता. बोनस आला की घालतो, असं सांगून तो पाटावरून उठला होता.

“घे,” म्हणत त्याने पुडी तिच्या हातावर ठेवली. “तुझी पाडव्याची ओवाळणी ऱ्हायली होती ना?”

सगळे हसले. मोनालीही हसली. पुडी कुठे ठेवावी ते तिला सुचेना, म्हणून तिने ती तबकात ठेवली. निरांजन अजून जळत होतं.