रांगोळीला एक मत

दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर असलेल्या आबांचा श्वास तळहातात बसवलेल्या पडद्यावर सतत दिसावा, म्हणून हेमलतानं हॉस्पिटलचं लॉगिन महिनाभर चालूच ठेवलं होतं. सकाळी घरच्या ग्रुपवर भाचीच्या रांगोळीसाठी मत द्यायची लिंक आली. तिनं तळहातावरच ती उघडली आणि रांगोळीवर बोट टेकवलं.

दहा मिनिटांत नर्सचा फोन आला. "ताई, तुमची संमती आली, म्हणून आबांचं श्वासाचं यंत्र काढलं."

"कसली संमती? अहो, मी एका लिंकवर रांगोळीला मत दिलंय!"

"त्या लिंकच्या पानानंच तुमच्या नावानं गुपचूप संमती पाठवली असणार. आमचं लॉगिन चालू, हात तुमचाच. यंत्रणा दुसऱ्यांदा विचारत नाही हो."

"मग लावा ना परत!"



हेमलतानं तळहात पाहिला. श्वासाची रेघ आडवी पडली होती. तिच्याखाली भाचीचा निरोप चमकत होता, "मावशी, मत दिलंस ना?"