भिंतीवरची खूण

"पोचले," आई म्हणाली.

"कुठे पोचलीस? खूण वर आहे."

"खूण तू काढलीस. तूच पोच."

आईचा उजवा खांदा आखडला होता. रोज सकाळी तिने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि बोटं पालीसारखी वर वर चढवायची, पेन्सिलीच्या खुणेपर्यंत. आणि लेकाने बाजूला खुर्ची टाकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, चहा ढोसत तिच्यावर डाफरायचं. हे काम त्याला मस्त जमायचं. स्वतः मात्र एक जिना चढला की पायरीवर बसकण मारायचा.

लेक लेखक होता. म्हणजे, होणार होता. पहिलीच गोष्ट एका मासिकात लागणार होती, पण संपादकबाईंनी ती परत पाठवली होती. वर एवढंच लिहून की, गोष्ट दाराशी येते आणि पळून जाते. आज दुपारपर्यंत नीट करून दिली तर ठीक, नाहीतर त्या पानावर साबणाची जाहिरात.

गोष्ट बापाची होती. बाप कायमचा घर सोडून निघतो. बॅग घेऊन दाराशी येतो. आणि नेमकं तेव्हाच मांजर दुधात तोंड घालतं, पातेलं लवंडतं, सगळे खो खो हसतात. समाप्त. खर्डे किती झाले, पण मांजर काही हलेना.

आईची बोटं पुन्हा त्याच जागी येऊन थांबली.

"अंगचोर आहेस तू," तो म्हणाला. "दुखायला लागलं की परत फिरतेस. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? दुखतं तिथून व्यायाम सुरू होतो. त्याच्या खालचं सगळं म्हणजे शेजाऱ्यांना टाटा करणं."

आईने हात खाली घेतला. खांदा चोळला.

"काल वाचली तुझी गोष्ट. आपल्याकडे मांजर कधी होतं रे?"

त्याने चहाचा घोट घेतला. कप रिकामा होता.

"ते आपलं... विनोद म्हणून."

"टाटा म्हणून."

"खरं लिहिलं तर तुला वाईट वाटेल, आई."

"माझं मला बघू दे. मी बोट वर सरकवते, तू ओळ पुढे सरकव. बघू आधी कोण बोंबलतं."

त्याने मांजर खोडलं. दूधही गेलं, पातेलंही गेलं. नुसतं दार उरलं. तो मोठ्याने म्हणत टाइप करायला लागला.

"बापाने बॅग उचलली."

आईचं बोट सरकलं.

"त्याने मागे वळून बघितलं नाही."

आई कळवळली. पण बोट सरकलं.

"आईने दाराला कडी घातली..." इथे त्याची बोटं अडली. कान तापले. मग डोळे गच्च मिटून त्याने एकदाचं टाइप करून टाकलं. "...आणि शीळ घातली."

नवरा गेला म्हणून आई खूश झाली होती. लहानपणापासून हे वाक्य त्याने पोटात दाबून ठेवलं होतं. खुर्चीत बसल्याबसल्या त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. तिच्याकडे बघायची हिंमत होईना.

"पोचलो," तो म्हणाला.

आई दातओठ खात, कपाळ भिंतीला टेकवून उभी होती. तिचं बोट खुणेवर होतं.

"कुठे पोचलास?" ती म्हणाली. "शीळ घालत मी नाचले, पार स्वयंपाकघरापर्यंत. आणि माझ्या पावलांवर पाय ठेवून कोण खिदळत नाचत होतं, ते लिही."