बारा एमची शेड

काकूंनी पर्समधून फाउंडेशनची बाटली काढली, तेव्हाच नवरीच्या कपाळावर आठ्या पडल्या. वर तेलाचा तवंग, तळाशी गाळ आणि वास खवट शेंगदाण्यांचा. “हिची मुदत कधीच संपली, काकू.” “परदेशी वस्तू आहे, नासत नाही. माझ्या लग्नातली आहे, एकदाच लावली, मला गडद झाली. हे बघ, बारा एम लिहिलंय. ही शेड खास सावळ्यांसाठी असते. तुझ्यासाठीच जपून ठेवली.” नवरीच्या केसांत पिना खोचणारी तिची धाकटी बहीण आरशातून गुपचूप बघत राहिली. नवरीने उठून अख्खी बाटली बेसिनमध्ये उपडी केली. “बारा एम म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. तो रंग नाही, काकू, मुदत आहे. तुमच्या अकलेवरही छापायला हवी होती.” काकूंना बोलणं लागलंच नाही. त्या बेसिनमधला ओघळ बघत हळहळल्या, “थोडीशी ठेवायचीस गं. धाकटी तरी कुठे गोरी आहे?”